पाणबुड्यांचा निमज्जनजन्य फुप्फुसशोफ : लक्षण, कारण आणि निर्णय

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. शरीर पाण्यात असण्याची अवस्था म्हणजे निमज्जन. मानेपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस निमज्जित आहे आणि तीस मीटर खोल गेलेला पाणबुड्याही निमज्जितच आहे. केशिकांतून पाझरलेला द्रव ऊतकांत साचून राहणे म्हणजे शोफ. हा द्रव फुप्फुसाच्या अंतरालात आणि तेथून पुढे वायुकोशांत साचला, की त्यास फुप्फुसशोफ म्हणावयाचे. व्यवहारात 'छातीत पाणी झाले' असे म्हणतात तेव्हा बहुधा फुप्फुसाच्या आवरणात साचलेले पाणी अभिप्रेत असते. तो विकार वेगळा असून प्रस्तुत विवेचनाशी त्याचा संबंध नाही.

या संज्ञांवरून विषयाचे लक्षण असे बांधता येते : निमज्जनाच्या काळात आरंभ झालेला, बाहेरचे पाणी श्वासमार्गात न शिरता उद्भवलेला आणि निमज्जन संपल्यावर ओसरू लागणारा फुप्फुसशोफ, तो निमज्जनजन्य फुप्फुसशोफ. लक्षणातील प्रत्येक पद काही वगळण्यासाठी योजलेले आहे. पहिल्या पदाने वर आल्यानंतर सुरू होणारे विकार वगळले जातात. पाणबुडे ज्याला 'बेंड्स' म्हणतात तो विसंपीडन विकार त्यांत प्रमुख. दुसऱ्या पदाने बुडणे आणि ठसका लागून पाणी आत जाणे वगळले जाते. तिसऱ्या पदाने जंतुसंसर्गजन्य विकार वगळले जातात, कारण ते पाण्याबाहेर येण्याने बरे होत नाहीत. पैकी दुसरे पद सिद्ध करणे सर्वांत कठीण आहे. पाण्यात असलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी आढळले, तर ते बाहेरून आले असे समजण्याकडेच बुद्धीचा कल असतो. मृत्यूच्या कारणाचा निर्णय करताना ही अडचण पुन्हा उपस्थित होईल.

विकार ज्यांना होतो त्यांचे तीन वर्ग आहेत : पृष्ठभागावर पोहणारे, सिलिंडर किंवा रीब्रीदर (सोडलेला वायू शुद्ध करून पुन्हा श्वासासाठी देणारे उपकरण) यांतून वायू घेत खोल जाणारे पाणबुडे, आणि श्वास रोखून खोल जाणारे पाणबुडे. तिसरा वर्ग येथेच बाजूला ठेवला पाहिजे. श्वास रोखणाऱ्याच्या छातीतील वायू बॉइलच्या नियमाने आकुंचित होत जातो आणि फुप्फुस आपल्या किमान आकारमानाखाली दबू पाहते. छातीचा पिंजरा तेवढा दबत नसल्यामुळे रिकामी जागा भरण्यासाठी रक्त छातीत ओढले जाते. १९६८ साली अमेरिकी नौदलातील रॉबर्ट क्रॉफ्ट यांच्यावर केलेल्या मापनात हे स्थलांतरित रक्त सुमारे एक लिटर भरले. केवळ फुप्फुसाचे आकुंचन मोजणाऱ्या जुन्या गणिताने मानवी खोलीची मर्यादा तीस मीटरच्या आसपास यावयास हवी होती. क्रॉफ्ट त्याच वर्षी ७३ मीटर गेले आणि १९७६ मध्ये झाक मायोल १०० मीटरपर्यंत पोहोचले. ते शक्य झाले ते या रक्ताच्या आधारामुळे, आणि त्याच रक्ताने ताणलेल्या केशिका फुटल्या तर फुप्फुसात रक्तस्राव होतो. त्या घटनेत खोली हे साक्षात कारण आहे. पहिल्या दोन वर्गांत ते तसे नाही. पुढील विवेचन त्या दोन वर्गांपुरते, त्यातही मुख्यतः दुसऱ्यापुरते मर्यादित आहे.

शोफ का होतो हे समजण्यासाठी शोफ एरवी का होत नाही हे आधी पाहिले पाहिजे. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार केशिकेच्या भित्तीवर दोन विरोधी दाब कार्य करतात. रक्ताचा द्रवस्थैतिक दाब द्रवास बाहेर ढकलतो. रक्तरसातील प्रथिनांचा परासरण दाब त्यास आत धरून ठेवतो. फुप्फुसाच्या केशिकांत पहिला पाऱ्याच्या स्तंभाच्या सुमारे ७ मिलिमीटर इतका, तर दुसरा सुमारे २८ मिलिमीटर असतो. तरीही थोडा द्रव सतत बाहेर येतच असतो. केशिकेची भित्ती माठासारखी आहे. पाझरणे हा तिचा दोष नसून स्वभाव आहे. पाझरलेला द्रव लसीकावाहिन्या वाहून नेतात, त्यामुळे वायुकोश कोरडे राहतात. केशिकेतील दाब वाढत जाऊन २५ मिलिमीटरच्या पलीकडे गेला, की पाझर निचऱ्यापेक्षा अधिक होतो आणि शोफ सुरू होतो. सामान्य दाब आणि हा उंबरठा यांच्यातील अंतर ही फुप्फुसाची राखीव मर्यादा होय.

याशिवाय दुसरा मार्गही संभवतो. केशिकेतील रक्त आणि वायुकोशातील हवा यांच्यामधला पडदा काही ठिकाणी एक मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. दाब फार वाढल्यास पाझर वाढून थांबत नाही, पडदाच जागोजागी विदीर्ण होतो आणि रक्तपेशी वायुकोशांत उतरतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. शर्यतीच्या घोड्यांत धावताना फुप्फुसातील दाब असाधारण चढतो आणि रक्तस्राव ही त्यांच्यात नित्याची बाब आहे. निमज्जनजन्य शोफात खोकल्यावाटे येणारा फेस कधी पांढरा तर कधी गुलाबी का असतो, याचा उलगडा या दोन मार्गांच्या भेदाने होतो. पहिला मार्ग सर्वत्र असतो, दुसरा तीव्र प्रसंगी त्यात मिसळतो.

आता प्रश्न उरतो तो असा : पाण्यात गेल्याने केशिकेतील दाब का वाढावा? कारणे अनेक आहेत. त्यांतील पहिली दोन निमज्जनातच अंतर्भूत असून कोणत्याही पाणबुड्यास टळत नाहीत.

पहिले कारण रक्ताचे स्थलांतर. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांतील नीलांमध्ये गुरुत्वाकर्षणाने रक्त साचलेले असते. पाण्यात पायांवरचा दाब छातीवरच्या दाबापेक्षा अधिक असतो. दर सेंटिमीटर पाण्यामागे पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर. त्यामुळे नीलांत रक्त साचण्यास जागा राहत नाही आणि ते वर सरकते. १९७२ साली आर्बोरेलियस आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये मानेपर्यंत पाण्यात बसवलेल्या माणसांवर मापने केली. छातीतील रक्त सुमारे ७०० मिलिलिटरने आणि हृदयाचे प्रतिमिनिट उत्सर्जन सुमारे एकतृतीयांशाने वाढलेले त्यांना आढळले. ही माणसे स्वस्थ बसलेली होती. त्यांनी श्रम केलेले नव्हते, ती खोलही गेलेली नव्हती.

येथे एक प्रचलित समज दूर केला पाहिजे. खोलीवरचा प्रचंड दाब फुप्फुसावर पडून पाणी आत दाबले जाते, असे अनेकांना वाटते. वायू घेत खोल जाणाऱ्याच्या बाबतीत हे खरे नाही. रेग्युलेटर सभोवतालच्या दाबाचाच वायू पुरवतो, त्यामुळे रक्त, ऊतक आणि वायू यांवरील दाब एकाच प्रमाणात वाढतो. दाबाचे परिमाण कितीही असो, द्रव हलतो तो दाबांच्या फरकाने. आणि शरीरातील दोन बिंदूंमधला जलदाबाचा फरक तीन मीटरवर जितका असतो तितकाच तीस मीटरवर असतो. पोहण्याच्या तलावातही हा विकार होऊ शकतो, तो याच कारणाने. खोलीचा प्रभाव अप्रत्यक्ष आहे आणि तो पुढे येईल.

दुसरे कारण स्थिर फुप्फुसभार. शरीरक्रियाशास्त्राबाहेर ही संकल्पना फारशी परिचित नाही, म्हणून ती सविस्तर पाहू. पाणबुड्यास वायू मिळतो तो तोंडातील रेग्युलेटरच्या पातळीवर असलेल्या दाबाने. फुप्फुसांवर बाहेरून पडणारा दाब मात्र छातीच्या पातळीवरचा असतो. पाणबुड्या उभा असेल तर तोंड वर आणि फुप्फुसांचा मध्य त्याच्या सुमारे वीस सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे छातीवर बाहेरून जितका दाब आहे त्यापेक्षा आतला वायू वीस सेंटिमीटर पाण्याइतक्या कमी दाबाचा असतो. हा ऋण भार होय. तो असताना प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो, छातीतील दाब सभोवतालच्या दाबाहून सतत कमी राहतो आणि उदर व हातपाय यांतील रक्त छातीकडे आणखी खेचले जाते. वीस सेंटिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे सुमारे पंधरा मिलिमीटर. हा सर्व फरक केशिकेच्या भित्तीवर जसाच्या तसा पडत नाही. तरी राखीव मर्यादा सुमारे वीस मिलिमीटरची आहे हे लक्षात घेतले, म्हणजे या भाराचे महत्त्व स्पष्ट होईल.

हा भार शरीराच्या स्थितीनुसार बदलतो. पालथे आडवे पोहताना तोंड आणि छाती जवळजवळ एका पातळीत येतात आणि भार नगण्य होतो. डोके खाली केले तर तो धन होतो. रीब्रीदर वापरणाऱ्याच्या बाबतीत तोंडाच्या जागी वायूच्या पिशवीची पातळी विचारात घ्यावी लागते. पिशवी पाठीवर असेल आणि पाणबुड्या पालथा असेल, तर पिशवी फुप्फुसांच्या वर येऊन भार ऋण होतो. तीच पिशवी छातीवर असेल तर उलट घडते. तात्पर्य, एकाच माणसाला एकाच पाण्यात उपकरण आणि पवित्रा बदलल्याने भिन्न धोका संभवतो. अपघातांच्या नोंदींत खोली आणि वेळ काळजीपूर्वक लिहिलेली असते, पवित्रा क्वचितच लिहिला जातो. ही उणीव लहान नव्हे.

उरलेली कारणे आगंतुक आहेत, म्हणजे ती असतील किंवा नसतील. थंडी हे त्यांतील सर्वांत परिचित. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक असल्यामुळे स्वस्थ शरीराला सुमारे पस्तीस अंश सेल्सियसखालचे पाणी गारच असते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात. त्याचे परिणाम दोन : परिघावरचे रक्त मध्यभागी येते, आणि हृदयाच्या डाव्या निलयाला अधिक रोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. श्रमाने हृदयाकडे येणारे रक्त आणखी वाढते. भरपूर पाणी पिऊन उतरल्यास एकूण द्रवच वाढलेला असतो. घट्ट वेटसूट पायांवरचा दाब वाढवतो आणि छातीची हालचाल रोधतो.

खोलीचा अप्रत्यक्ष प्रभाव येथे येतो. वायूची घनता निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात वाढते. पृष्ठभागावर हवेची घनता प्रतिलिटर सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. तीस मीटरवर, म्हणजे चार वातावरणांच्या दाबाखाली, ती पाच ग्रॅमच्या आसपास जाते. असा वायू श्वासनलिकांतून ओढण्यास अधिक ऋण दाब लागतो आणि तो स्थिर फुप्फुसभारात मिळवला जातो. जुळणी बिघडलेला, कष्टाने वायू देणारा रेग्युलेटर हेच कार्य उथळ पाण्यातही करतो. पाणबुडेगिरीतील तज्ज्ञ वायूची घनता शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत ठेवण्याची आणि ६.२ ग्रॅम न ओलांडण्याची शिफारस करतात. तिचा मूळ हेतू कार्बन डायऑक्साइड शरीरात साचू नये हा आहे, पण प्रस्तुत विकारासही ती तितकीच लागू पडते.

शेवटचे कारण शरीरातच असते. डाव्या निलयाची भित्ती ताठर असेल तर प्रसरणाच्या वेळी ते सहज भरत नाही, आणि भरावयाचे रक्त मागे फुप्फुसात तुंबते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, झडपांचे दोष आणि वय ही ताठरपणाची नेहमीची कारणे. उजवे निलय मात्र वाढलेले रक्त स्वीकारून पुढे ढकलत राहते. समजा, उजव्या निलयाने दर ठोक्यास डाव्यापेक्षा केवळ एक मिलिलिटर रक्त अधिक ढकलले. मिनिटास ऐंशी ठोके धरले तर मिनिटाला ऐंशी मिलिलिटर रक्त फुप्फुसात जमा होईल. अशी तफावत काही मिनिटेच टिकू शकते, कारण दाब वाढून डाव्या बाजूस अखेर बरोबरी साधावीच लागते. पण ती बरोबरी कोणत्या दाबावर साधली जाते, याच्यावरच शोफ होणे न होणे अवलंबून आहे.

यावरून या विवेचनाचा मुख्य सिद्धांत मांडता येतो. निमज्जनजन्य फुप्फुसशोफास एक असे कारण नाही. वरील प्रत्येक घटक एकेकटा बहुधा निरुपद्रवी असतो. त्यांची बेरीज राखीव मर्यादा ओलांडते तेव्हा विकार होतो. म्हणून 'निरोगी माणसास हा का झाला' आणि 'रक्तदाबाच्या रुग्णास हा का झाला नाही' हे दोन्ही प्रश्न चुकीच्या रीतीने मांडलेले आहेत.

या सिद्धांतास वैद्यकीय वाङ्मयातील दोन प्रसिद्ध नोंदींचा आधार आहे. त्या परस्परविरुद्ध दिसतात. १९८९ मध्ये ब्रिटनमधील पीटर विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अकरा व्यक्तींचा वृत्तांत दिला. हे थंड पाण्यातले, बहुधा मध्यमवयीन आणि वरकरणी निरोगी पाणबुडे व पोहणारे होते. थंडीला त्यांच्या रक्तवाहिन्या असाधारण आकुंचनाने प्रतिसाद देत असल्याचे आढळले आणि पुढील वर्षांत त्यांतील अनेकांना उच्च रक्तदाब झाला. निष्कर्ष असा, की थंडी हे कारण आणि सुप्त रक्तदाब ही पूर्वावस्था. त्यानंतर १९९५ मध्ये इस्रायलमधील एका नोंदीने हा निष्कर्ष अपुरा ठरवला. तेथे शारीरिक प्रशिक्षण घेणाऱ्या तीस निरोगी तरुणांपैकी आठ जणांना समुद्रात २.४ किलोमीटर पोहताना हा विकार झाला. पाणी २३ अंशांचे होते, वय विशीच्या आसपास होते, रक्तदाबाचा संबंध नव्हता. मात्र पोहण्यापूर्वीच्या दोन तासांत त्यांना सुमारे पाच लिटर पाणी पाजलेले होते आणि श्रम पराकोटीचे होते. पहिल्या गटात थंडी आणि ताठर वाहिन्या, दुसऱ्यात द्रव आणि श्रम. बेरजेची पदे भिन्न, बेरीज एक.

दाब हेच अंतिम कारण आहे याचा प्रत्यक्ष पुरावा २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड मून आणि सहकाऱ्यांनी दिला. पूर्वी हा विकार झालेल्या दहा व्यक्ती आणि तो न झालेल्या वीस व्यक्ती यांना त्यांनी वीस अंशांच्या पाण्यात बुडवून व्यायाम करवला आणि फुप्फुस-रोहिणीत नलिका घालून दाब मोजले. पहिल्या गटातील दाब दुसऱ्यापेक्षा अधिक भरले. पहिल्या गटालाच सिल्डेनाफिल हे वाहिन्या शिथिल करणारे औषध ५० मिलिग्रॅम देऊन पुन्हा मोजले तेव्हा दाब उतरले. ज्याची फुप्फुसे गळकी असतील त्याला हा विकार होतो, ही पर्यायी उपपत्ती त्यानंतर मागे पडली.

कारणानंतर क्रम. विकाराच्या अवस्था साधारणतः चार. पहिल्या अवस्थेत श्रमाच्या मानाने अधिक दम लागतो. या वेळी पाणबुड्यास जे वाटते ते नोंद घेण्याजोगे आहे : रेग्युलेटर हवा देत नाही असे त्याला वाटते. तो जोडीदाराचा पर्यायी रेग्युलेटर मागतो, तोंडात घेतो, आणि आराम पडत नाही. पुढे त्याचे उपकरण तपासले तर ते निर्दोष आढळते. दुसऱ्या अवस्थेत खोकला येतो आणि छातीत खरखर जाणवते. तिसऱ्या अवस्थेत तोंडाशी फेस येतो, कधी रक्तमिश्रित, आणि रक्तातील प्राणवायू घटल्याने बुद्धी भ्रमिष्ट होते. चौथीत शुद्ध हरपते. पहिलीपासून चौथीपर्यंतचे अंतर काही वेळा मोजक्या मिनिटांचे असते. साक्षीदार या माणसाचे वर्णन 'घाबरला' असे करतात. घाबरणे तेथे असतेही, पण ते परिणाम म्हणून. आधी दम आणि मग भीती, हा क्रम साक्ष घेताना विचारून घेतला पाहिजे.

वर येण्याच्या वेळी एक विशेष आपत्ती उद्भवते. तीस मीटरवर हवा घेणाऱ्यास प्राणवायूचा आंशिक दाब ०.८४ वातावरण इतका मिळत असतो, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट. वायुकोश अंशतः भरले असले तरी या आधिक्यामुळे रक्त पुरेसे प्राणवायुयुक्त राहते आणि विकार झाकला जातो. पाणबुड्या वर येऊ लागला की हे आधिक्य संपत जाते आणि पृष्ठभागाशी ते ०.२१ वर येते. परिणामी शोफ न वाढताही प्राणवायूची उणीव एकाएकी प्रकट होते. निमज्जन संपवणे हा एकमेव उपाय, आणि त्या उपायाच्या वाटेवरच शुद्ध हरपण्याचा संभव सर्वाधिक. तरीही वाट तीच घेतली पाहिजे. म्हणूनच जोडीदाराने अशा माणसास एकटे वर सोडू नये. पृष्ठभागाशी आल्यावरही निमज्जन संपलेले नसते. तेथे तो पुन्हा उभा, मानेपर्यंत पाण्यात असतो, म्हणजे ऋण भाराच्या स्थितीतच. नाव लांब असेल तर तिच्याकडे पोहत जाण्याचे श्रम त्यात मिळतात.

व्यवच्छेदक निदान बहुतांशी कालक्रमावर आधारलेले आहे. लक्षणे तळाशी किंवा वर येण्यापूर्वी सुरू झाली असतील तर विसंपीडन विकार जवळजवळ वगळता येतो, कारण त्याचे बुडबुडे दाब उतरल्यावाचून बनत नाहीत. वर येताना श्वास रोखल्याने फुप्फुस फाटले तर लक्षणे पृष्ठभागावर पोहोचताक्षणी किंवा लगेच नंतर येतात. बाहेरचे पाणी आत गेल्यास आधी ठसक्याचा स्पष्ट प्रसंग असतो. हृदयविकाराचा झटका वगळण्यास हृदयाचा आलेख आणि रक्ततपासणी लागते. येथे सावधानता हवी, कारण निमज्जनजन्य शोफातही काही रुग्णांचे हृदय तात्पुरते दुर्बल झालेले आढळते आणि काही दिवसांत पूर्ववत होते. फुप्फुसांची सोनोग्राफी या विकारात विशेष उपयोगी ठरली आहे. साचलेल्या द्रवामुळे पडद्यावर उभ्या प्रकाशरेषा दिसतात आणि हे यंत्र किनाऱ्यावरच्या तंबूतही वापरता येते. स्वीडनमधील वान्सब्रो येथील नदीतल्या वार्षिक पोहण्याच्या स्पर्धेत या पद्धतीने पद्धतशीर तपासणी झाली. हजारी पाचांहून कमी स्पर्धकांत हा विकार आढळला. स्त्रियांत आणि वाढत्या वयात प्रमाण अधिक होते.

निदानाची खरी कसोटी मृत्यूच्या प्रकरणात लागते. जो जगतो त्याची फुप्फुसे एकदोन दिवसांत स्वच्छ होतात आणि विलंबाने काढलेल्या एक्सरेत काही दिसत नाही. जो मरतो त्याच्या शवविच्छेदनात जड, द्रवाने भरलेली फुप्फुसे आणि श्वासनलिकेत फेस आढळतो. बुडून मेलेल्यातही हेच आढळते. शिवाय शुद्ध हरपल्यावर रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि बाहेरचे पाणी खरोखरच आत जाते. म्हणजे अंतिम घटना बुडण्याचीच असते. प्रमाणपत्रावर 'बुडून मृत्यू' लिहिणारा वैद्य असत्य लिहीत नाही, तो साखळीतील शेवटचा दुवा लिहितो. पहिला दुवा शोधावयाचा तर शरीराबाहेरचे पुरावे पाहावे लागतात : सिलिंडरमध्ये वायू शिल्लक होता काय, डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली गती कशी होती, उपकरण निर्दोष होते काय, आणि जोडीदाराने काय पाहिले. भरपूर वायू, निर्दोष उपकरण, दम लागल्याची खूण, वर येताना हरपलेली शुद्ध, हा समुच्चय जेथे असेल तेथे नुसत्या 'बुडण्या'ने समाधान मानणे शास्त्रास धरून नाही.

उपचाराबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. रुग्णास पाण्याबाहेर काढावे, आडवे न करता बसते ठेवावे, घट्ट सूट सैल करावा, शुद्ध प्राणवायू द्यावा, उबदार ठेवावे, पाणी पाजू नये. रुग्णालयात आवश्यक वाटल्यास दाबयुक्त श्वसन आणि मूत्रल औषध देतात. पुनर्संपीडनाची गरज नसते. बहुतेक रुग्ण अठ्ठेचाळीस तासांत बरे होतात.

त्याहून कठीण प्रश्न पुन्हा पाण्यात उतरावे काय हा आहे. एकदा झालेला विकार पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक असतो आणि दुसरा प्रसंग पहिल्याइतकाच सौम्य असेल याची शाश्वती नसते. रक्तदाब, झडपा आणि हृदयाची प्रसरणशीलता तपासल्यावाचून अनुमती देऊ नये, याविषयी मतभेद नाही. तपासणीत काहीच न सापडलेल्या तरुणाबाबत मतभेद आहे. बेरजेच्या सिद्धांताने उत्तर असे येते : त्या प्रसंगी कोणती पदे उपस्थित होती ते मोजावे. पाच लिटर पाणी आणि कमाल श्रम अशी टाळता येण्याजोगी पदे असतील तर परतण्यास वाव आहे. सामान्य पाण्यात, सामान्य श्रमात विकार झाला असेल तर शिल्लक पद शरीरातच आहे आणि ते टाळता येत नाही. सिल्डेनाफिल घेऊन उतरण्याची सूचना आकर्षक असली, तरी ज्याचा आधार दहा व्यक्तींवरील मापन आहे अशा औषधावर खोल पाण्यात विसंबणे घाईचे होईल. द्रवपानाविषयीचा उपदेशही तपासून घेतला पाहिजे. विसंपीडन विकार टाळण्यासाठी पाणबुड्यांना भरपूर पाणी प्यावयास सांगतात. तहान भागेल इतके पिणे दोन्ही विकारांच्या दृष्टीने युक्त आहे, त्यापलीकडचे पाणी मात्र केवळ एका भीतीपोटी दुसरी भीती वाढवते.

महाराष्ट्राच्या संदर्भात दोन गट विचारात घेण्याजोगे आहेत. नौदलातील पाणबुड्यांची वैद्यकीय व्यवस्था स्वतंत्र आहे आणि मुंबईत आयएनएचएस अश्विनी येथे सागरी वैद्यकाचे शिक्षणही दिले जाते. त्यांचा समावेश येथे केलेला नाही. पहिला गट मालवण-तारकर्लीच्या समुद्रात काही मीटर खोल नेले जाणारे पर्यटक. पाणी उबदार, खोली अल्प, सोबत प्रशिक्षक, म्हणून धोका नाही असे मानले जाते. थंडीचे पद येथे बहुधा शून्य आहे हे खरे. पण प्रथमच उतरणारा पर्यटक बराच वेळ उभ्या स्थितीत असतो, म्हणजे ऋण भाराखाली; तो कित्येकदा चाळिशीपलीकडचा असतो आणि रक्तदाबाची गोळी घेत असल्याचे अर्जावर लिहिणे त्याला अनावश्यक वाटते. अर्जावरील तो एक प्रश्न प्रशिक्षकाने तोंडी विचारणे उपयुक्त ठरेल.

दुसरा गट संक रॉक, एलिफंटा किंवा धरमतर येथून मुंबईच्या गेटवेपर्यंत पोहणाऱ्यांचा आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धेत उतरणाऱ्यांचा. येथे श्रमाचे पद मोठे आहे आणि स्पर्धेपूर्वी पाणी पिण्याचा आग्रहही असतो. खोकत बाहेर आलेल्या स्पर्धकाविषयी 'नाकातोंडात पाणी गेले असेल' असे म्हणून त्याला आडवे निजवतात आणि वर पाणी पाजतात. निमज्जनजन्य शोफ असेल तर या दोन्ही कृती अपायकारक आहेत. म्हणून अशा प्रत्येक स्पर्धकाच्या बोटास ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण नोंदवावे, छाती ऐकावी आणि दम केव्हा लागू लागला ते विचारावे. ठसका आधी की दम आधी, हे त्याला तेव्हाच आठवते. दुसऱ्या दिवशी फुप्फुसे स्वच्छ झालेली असतात आणि आठवणही इतरांनी सांगितलेल्या वृत्तांताशी जुळवून घेतलेली असते.